संधिवातावरचं ‘बायोलॉजिक’ इंजेक्शन नेमकं काय असतं? आणि ते चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पोचतं का?

एप्रिल २०२१ आठवतोय? कोरोनाची दुसरी लाट. प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर, प्रत्येक स्टेटसवर एकच ओळ फिरत होती – ‘टोसिलिझुमॅब कुठे मिळेल? अर्जंट.’ रेमडेसिविरच्या जोडीनं हे दुसरं अवघड नाव आपण तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ४०० मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत सुमारे ४० हजार रुपये होती आणि तेवढे पैसे मोजायची तयारी असूनही ती मिळत नव्हती.

गंमत म्हणजे टोसिलिझुमॅब कोरोनासाठी बनलंच नव्हतं. ते आहे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे ज्याला आपण आमवात किंवा ढोबळपणे संधिवात म्हणतो त्या आजाराचं औषध. ‘बायोलॉजिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औषधांच्या घराण्यातलं. लाट ओसरली, नाव विसरलं गेलं. ज्यांना ते खरंच वर्षानुवर्षं लागतं, ते लोक मात्र तिथेच आहेत.

गेल्या काही वर्षांत या औषधांच्या भारतीय आवृत्त्या आल्या, किमती उतरल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साहजिकच ‘संधिवातावर आता इंजेक्शन निघालंय, घेतलं की माणूस चालायला लागतो’ असे रील्सही सुरू झाले. त्यातलं किती खरं? आणि शहरातल्या पेशंटसाठी जे खरं आहे, ते धान रोवणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईसाठीही खरं आहे का? हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

आधी हे बघू : कोणता संधिवात?

मराठीत आपण सांध्याच्या प्रत्येक दुखण्याला संधिवात म्हणतो. चंद्रपूरकडे हिंदीच्या शेजारामुळे ‘गठिया’ही म्हणतात. पण साठीनंतर गुडघे झिजतात ते वेगळं आणि आमवात वेगळा. झिजेच्या दुखण्यात बायोलॉजिक इंजेक्शनचा काही उपयोग नाही. ज्या काकूंच्या गुडघ्यांसाठी तुम्ही ते रील फॉरवर्ड केलंत, त्यांच्या कामाचं ते बहुधा नाही.

आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. सुरुवात बहुतेकदा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते आणि दोन्ही बाजूंना सारखी. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, हे आखडलेपण अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त टिकतं. सूज येते, थकवा येतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे दोन ते तीन पट जास्त दिसतं आणि तेही ऐन कामाच्या वयात, तिशी ते पन्नाशीत. उपचार झाला नाही तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच हाडं कुरतडली जायला सुरुवात होते आणि वाकडी झालेली बोटं मग कोणत्याही औषधानं सरळ होत नाहीत.

किती जणांना असेल? महाराष्ट्रातलाच एक चांगला अभ्यास हाताशी आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी केली. ४ हजारांहून जास्त प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून लोकसंख्या ३२ लाखांच्या पुढे. त्यातले प्रौढ धरून हाच अर्धा टक्का लावला तर आकडा दहा हजारांच्या आसपास जातो. हा आमचा ढोबळ हिशेब आहे, सर्वेक्षण नाही. पण ‘श्रीमंतांचा, शहरातला आजार’ म्हणून हात झटकता येत नाहीत, एवढं कळायला तो पुरेसा आहे.

या दोन जिल्ह्यांत निदान इतकं अवघड का?

कारण इथे सांधे दुखायला कारणं फार आहेत. एवढी की आमवात त्या गर्दीत हरवतो.

पहिलं नाव सिकलसेलचं. पूर्व विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही दलित, ओबीसी समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्याच्या झटक्यात हाडं आणि सांधे असह्य दुखतात, खुब्याचं हाड मरूही शकतं. म्हणजे तरुण मुलगी सांधे धरून बसली तर आधी सिकलसेलची तपासणी हवी. ती सरकारी दवाखान्यात होते.

दुसरं, कुष्ठरोग. बाबा आमटेंनी आनंदवन वरोऱ्याजवळ उभं केलं, याच चंद्रपूर जिल्ह्यात, त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली. पण कुष्ठरोग इतिहासात जमा झालेला नाही, चंद्रपूर आणि गडचिरोलीत आजही नवे रुग्ण सापडतात. अनेकांना माहीत नसतं की कुष्ठरोगातही हातापायांचे सांधे सुजू शकतात, अगदी आमवातासारखे. त्यावर कडी म्हणजे आमवातासाठी केली जाणारी आरए फॅक्टर ही रक्ततपासणी कुष्ठरोगात आणि क्षयातही पॉझिटिव्ह येऊ शकते. नुसता तेवढा कागद बघून आमवाताचं औषध सुरू करणं इथे धोक्याचं आहे. त्यापेक्षा अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त नेमकी मानली जाते. पण ती महाग आहे आणि सगळीकडे होत नाही.

तिसरं, पाणी. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते प्यायल्यावर सांधे, पाठ, मान ताठरते. तो फ्लोरोसिस, आमवात नव्हे. चौथं, चिकनगुनिया. ताप चार दिवसांत जातो आणि सांधे महिनोन्‌महिने धरून ठेवतात. २०२४ मध्ये नागपूर आणि आसपास जी साथ आली, त्यानंतर कित्येक घरांत हा अनुभव आला असेल. आणि पाचवं, साधं कष्टाचं दुखणं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यांतल्या पाठ, मान, सांध्यांच्या दुखण्याचा अभ्यास केला आहे. बाळमृत्यूंवर काम करणाऱ्या संस्थेला पाठदुखीचा अभ्यास करावासा वाटला, यातच दुखणं किती पसरलंय ते आलं.

याच्या उलट बाजूला या भागात आमवाताचा धोका वाढवणाऱ्या गोष्टीही आहेत. धूम्रपानानं आमवाताची शक्यता वाढते हे पक्कं माहीत आहे (आणि विडी ज्या पानाची होते ते तेंदूचं पान इथूनच जातं). सिलिकाची धूळ हे दुसरं कारण. १९५३ मध्ये अँथनी कॅप्लान या डॉक्टरनं वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांमध्ये आमवात आणि फुप्फुसातल्या गाठी एकत्र दिसतात हे नोंदवलं, त्या आजाराला आजही कॅप्लान सिंड्रोम म्हणतात. बल्लारपूर-माजरीच्या कोळसापट्ट्यात सांधे सुजलेला खाणकामगार आला तर त्याच्या छातीचा एक्स-रे का काढायचा, त्याचं हे एक कारण.

मग बायोलॉजिक म्हणजे काय?

नेहमीची गोळी हा एक छोटासा रासायनिक रेणू असतो. कारखान्यात रसायनं मिसळून तो बनतो. बायोलॉजिक हे प्रथिन असतं, अॅस्पिरिनच्या रेणूपेक्षा काही शे पटींनी मोठं, आणि ते बनवतात जिवंत पेशी. मोठ्या टाक्यांमध्ये या पेशी वाढवतात, त्यांच्यात हव्या त्या प्रथिनाची जनुकीय सूचना घातलेली असते. अनेक बायोलॉजिक औषधांसाठी चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी वापरतात. प्रथिन असल्यामुळे ते गिळलं तर पोटात डाळीसारखं पचून जाईल. म्हणून इंजेक्शन. आणि प्रथिन असल्यामुळेच उष्णतेत ते बिघडतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

ते करतं काय? सांध्यात जो हल्ला चालू असतो, त्यात पेशी एकमेकींना रासायनिक हाकाऱ्या देतात. त्यातली एक मोठी हाक म्हणजे टीएनएफ. दुसरी आयएल-६. जंगलात वणवा लागला की वनमजूर एकमेकांना ओरडून बोलावतात तसं. आमवातात वणवा नसतोच, तरी ओरडा चालू राहतो आणि धावून आलेली माणसं आपलंच घर तुडवत सुटतात. बायोलॉजिक औषध यातली एक नेमकी हाक बंद करतं. अडालिमुमॅब, इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब ही टीएनएफ रोखणारी. टोसिलिझुमॅब आयएल-६ चा मार्ग अडवतं. रिटुक्सिमॅब बी-पेशी या प्रकारच्या पेशीच कमी करतं.

टीएनएफ रोखली तर आमवात शमतो, हे दाखवणाऱ्या जोडीतलं एक नाव भारतात जन्मलेलं आहे. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात पहिल्या रुग्णांवर ही चाचणी सुरू केली. २००३ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला. बिछान्याला खिळलेले लोक काही आठवड्यांत उठून फिरू लागले, ही त्या काळची वर्णनं अतिशयोक्ती नव्हती.

तरी दोन गोष्टी रील्समध्ये सांगत नाहीत. हे औषध आजार बरा करत नाही, दाबून ठेवतं. अडालिमुमॅब साधारण दर १५ दिवसांनी, इटानरसेप्ट दर आठवड्याला घ्यावं लागतं. आणि ते सगळ्यांना लागू पडत नाही. दहातल्या तीन-चार जणांना पहिल्या बायोलॉजिकचा पुरेसा फायदा होत नाही, मग दुसरं बघावं लागतं.

मग थेट हेच का घेऊ नये?

कारण त्याच्या आधी एक स्वस्त पायरी आहे आणि ती बहुतेकांना पुरते. मेथोट्रेक्सेट. १९८० च्या दशकापासून वापरात असलेली, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. सोबत फॉलिक अॅसिड. खर्च बायोलॉजिकच्या मानानं किरकोळ. तिच्या जोडीला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. हे शेवटचं नावही तुम्ही २०२० मध्ये ऐकलंय. मूळ घराणं मलेरियाच्या औषधांचं, म्हणजे गडचिरोलीला अगदी ओळखीचं.

या तीन स्वस्त औषधांचा एकत्र मारा विरुद्ध मेथोट्रेक्सेट अधिक इटानरसेप्ट, अशी थेट तुलना अमेरिका आणि कॅनडात ३५३ रुग्णांवर झाली. सगळे असे की ज्यांना एकट्या मेथोट्रेक्सेटनं पुरेसा आराम नव्हता. २०१३ मध्ये निकाल आला : आधी स्वस्त तिहेरी औषधं देऊन, २४ आठवड्यांत फरक नाही पडला तरच बायोलॉजिककडे वळणं, हा मार्ग थेट बायोलॉजिक देण्यापेक्षा कमी ठरला नाही. माझ्या मते चंद्रपूर-गडचिरोलीसाठी या विषयातली सगळ्यात कामाची बातमी हीच आहे, आणि ती बारा वर्षं जुनी असल्यानं कुणी तिच्यावर रील करत नाही.

प्रत्यक्षात होतं काय, तर रुग्ण या पायरीवर नीट उभाच राहत नाही. गावात सायकलवरून येणारा झोलाछाप डॉक्टर किंवा बाजारातला पुडीवाला स्टेरॉइड देतो. त्याला ते स्टेरॉइड आहे हे सांगायचं नसतं. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये स्टेरॉइडची भेसळ सापडल्याची उदाहरणं देशभर आहेत. सूज दोन दिवसांत उतरते, माणूस खूश. वर्षभरात चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सांधे मात्र आतून कुरतडले जातच असतात.

आणि मेथोट्रेक्सेट मिळालं तरी एक मोठा धोका आहे. माझ्या मोठ्या आईच्या बाबतीत घडलेलं सांगतो. ती मूल तालुक्यात राहते. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा लिहिलं होतं. औषधाच्या पाकिटावर कुणीतरी ‘रोज १’ लिहून दिलं. दहाव्या दिवशी तोंडात फोड, गिळता येईना, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली. ती वाचली, पण या चुकीनं माणसं दगावतात. म्हणून घरात कुणाला ही गोळी सुरू झाली असेल तर पाकिटावर मोठ्या अक्षरांत वार लिहा – ‘फक्त रविवार’. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी करा, ती सरकारी रुग्णालयांत महालॅबमार्फत मोफत होते. दारू टाळा (गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, मोहाच्या दारूला ते कळलेलं नाही). आणि मूल हवं असेल तर गोळी काही महिने आधी डॉक्टरांना विचारून बंदच करावी लागते, गर्भाला ती घातक आहे. तिशीच्या आतल्या किती जणींना हे कुणी सांगतं?

खरी भीती : टीबी

स्वस्त औषधांनी भागलं नाही आणि बायोलॉजिकची वेळ आली, तर भारतात पहिला प्रश्न पैशाचा नसतो. क्षयाचा असतो. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक भारतात आहे. आणि त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात. त्यांना काहीच त्रास नसतो, कारण शरीरानं त्या जंतूंभोवती पेशींचं कडं केलेलं असतं.

उन्हाळ्याआधी वनविभाग जंगलात जाळरेषा काढतो, आग एका पट्ट्यापलीकडे जाऊ नये म्हणून. हे कडं तसंच. आणि ते टिकवायला शरीराला टीएनएफ लागतं. आपण सांध्यांसाठी टीएनएफ बंद केलं की जाळरेषेवरचे राखणदारही घरी जातात आणि जुना निखारा पेटतो. २००१ मध्येच इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांना टीबी झाल्याचा अहवाल आला होता, त्यातल्या बऱ्याच जणांना फुप्फुसाबाहेर, शरीरभर पसरलेला.

म्हणून इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि सोबत मांटू किंवा इग्रा ही चाचणी झालीच पाहिजे. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचीही. झोपलेला टीबी सापडला म्हणजे बायोलॉजिकचा दरवाजा बंद झाला असं नाही. टीबी प्रतिबंधक औषधं सुरू करून साधारण महिन्याभरानं डॉक्टर बायोलॉजिक देऊ शकतात. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या २०२१ च्या सूचनांत टीएनएफ रोखणारी औषधं घेणाऱ्यांचा प्रतिबंधक उपचारासाठी उल्लेख आहे. म्हणजे सहा महिने रोज किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा, अशी ही औषधं सरकारी यंत्रणेतून मिळू शकतात. हे फार थोड्या रुग्णांना ठाऊक असतं.

इंजेक्शन सुरू झाल्यावर ताप आला तर ‘बघू दोन दिवस’ म्हणून घरी थांबायचं नाही. गडचिरोलीत ताप म्हटलं की मलेरियाची तपासणी होतेच, ती करायचीच. पण तपासणाऱ्या ताईंना किंवा डॉक्टरांना ‘मी हे इंजेक्शन घेते’ हे आधी सांगायचं. त्या इंजेक्शनच्या खोक्याचा फोटो मोबाइलमध्ये असला तर उत्तम.

किंमत उतरली म्हणजे किती?

इथे भारताची गोष्ट खरंच वेगळी आहे. बायोलॉजिकची हुबेहूब नक्कल करता येत नाही, कारण दोन कारखान्यांतल्या जिवंत पेशी तंतोतंत सारखं प्रथिन बनवत नाहीत. म्हणून त्याला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर म्हणतात, म्हणजे ‘जवळपास तसंच आणि तपासून बघितलेलं’. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं २००७ मध्ये रिटुक्सिमॅबचं बायोसिमिलर काढलं. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसनं अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर बाजारात आणलं, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण एक पंचमांश दरात. मूळ ‘ह्युमिरा’ हे तेव्हा जगातलं सर्वाधिक विकलं जाणारं औषध होतं आणि पेटंटच्या जाळ्यामुळे खुद्द अमेरिकेत त्याचं पहिलं बायोसिमिलर दुकानात यायला जानेवारी २०२३ उजाडला. या एका बाबतीत भारतीय रुग्ण अमेरिकनांच्या आठ वर्षं पुढे होता.

नियमही बदलतायत. भारतानं बायोसिमिलरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ मध्ये आणली, २०१६ मध्ये सुधारली आणि २०२५ मध्ये पुन्हा नवा मसुदा मांडला. रोख असा की प्राण्यांवरच्या चाचण्या कमी करायच्या आणि प्रयोगशाळेतल्या बारीक तुलनेवर भर द्यायचा. यामुळे औषध बनवायचा खर्च आणि वेळ वाचेल, कंपन्या वाढतील, असा अंदाज आहे. दर्जा राखला गेला तर चांगलंच. ‘तर’ महत्त्वाचा.

पण पंचमांश म्हणजे स्वस्त नव्हे. एका इंजेक्शनला आजही काही हजार रुपये पडतात, आणि ते महिन्याला दोन किंवा चार लागतात. रोजंदारीवरच्या घरात हे किती महिने चालेल? तीन महिने घेतलं, बरं वाटलं, पैसे संपले, सोडलं, दुखलं, परत घेतलं. ही सगळ्यात वाईट पद्धत आहे, कारण असं बंद-चालू केल्यानं शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग ते लागू पडेनासं होतं. सुरू करण्याआधी ‘वर्षभराचा खर्च झेपेल का’ हे विचारणारा डॉक्टर तुम्हाला निराश करत नाहीये, तो तुमचे पैसे वाचवतोय.

टोफासिटिनिबसारख्या गोळ्या हा एक मधला मार्ग आहे. त्या बायोलॉजिक नाहीत, पण परिणाम त्या तोडीचा आणि भारतीय जेनेरिकमुळे कितीतरी स्वस्त. फ्रिजही नको. मात्र जंतुसंसर्गाचा धोका त्यांनाही आहे, नागीण होण्याचं प्रमाण वाढतं आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सरबाबत कडक इशारा जोडला आहे. स्वतःहून मेडिकलमधून आणायची गोष्ट ही नव्हे.

सरकारी योजनेत बसतं का?

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आणि कुटुंबाचं संरक्षण पाच लाखांपर्यंत गेलंय. अडचण योजनेच्या घडणीत आहे. ती भरती होण्याभोवती, शस्त्रक्रियेभोवती, ठरलेल्या पॅकेजभोवती बांधलेली आहे. दर १५ दिवसांनी घरी घ्यायचं इंजेक्शन हे त्या चौकटीत न मावणारं दुखणं. म्हणजे सांधा वाचवणारं औषध चौकटीबाहेर आणि भरती करावं लागेल इतकं बिघडल्यावरचा उपचार चौकटीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, पण निःशुल्क तेच जे साठ्यात असेल. तरीही रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून बघा, कारण दिवसभर भरती करून सलाइनमधून द्यायच्या औषधांचा प्रश्न थोडा वेगळा असू शकतो.

चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. हा मोठा बदल आहे. संधिवाताचे खास तज्ज्ञ मात्र अजून मोठ्या शहरांतच एकवटलेत, त्यामुळे गाडी शेवटी नागपूर किंवा सेवाग्रामकडेच जाते. सिरोंचाची माणसं तर नदी ओलांडून तेलंगणात जातात, ते त्यांना जवळ पडतं.

आणि मग फ्रिज

आता त्या प्रथिनाकडे परत येऊ. ही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. गोठली तरी वाया, तापली तरी वाया. काही ब्रँडच्या पत्रकात २५ अंशांपर्यंत १४ दिवस चालेल असं लिहिलेलं असतं. लोक त्याला ‘रूम टेम्परेचर’ म्हणतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा या शहरातली कोणती खोली २५ अंशांवर असते? नागपुरातून घेतलेलं पेन लालपरीत दीडशे किलोमीटर येणार असेल तर थर्मासची पेटी आणि आइस पॅक हवेत, आणि पेन आइस पॅकला थेट चिकटता कामा नये. कापडात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवावं. घरच्या फ्रिजमध्ये दारात नाही, फ्रीझरखाली नाही, मधल्या कप्प्यात. वीज सात-आठ तास गेली तर दार उघडायचं नाही.

हे झालं चंद्रपूर शहराचं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचत आलोय. तिथे दर १५ दिवसांचं वेळापत्रक कसं पाळणार? म्हणून दूरच्या रुग्णांसाठी डॉक्टर बऱ्याचदा रिटुक्सिमॅबचा विचार करतात. १५ दिवसांच्या अंतरानं दोनदा रुग्णालयात सलाइनमधून घ्यायचं, मग सहा महिने किंवा जास्त बघावं लागत नाही. घरी फ्रिज नको, टीबी जागा होण्याची भीतीही टीएनएफ रोखणाऱ्या औषधांपेक्षा कमी. मात्र जंतुसंसर्गाचा धोका असतोच, आणि हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय ते देत नाहीत. रोवणी आटोपल्यावर एकदा आणि तेंदूच्या हंगामाआधी एकदा, असं बसवता आलं तर मजुरीही बुडत नाही. डॉक्टरांशी बोलताना ‘मला कोणत्या महिन्यात येणं जमेल’ हे सांगा. प्रिस्क्रिप्शनवर त्यानं फरक पडू शकतो.

गावाजवळ थंड पेटी नाही असंही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींसाठी आयएलआर फ्रिज असतो, २ ते ८ अंशांचाच, रोज दोनदा तापमान लिहिलं जातं. भामरागड-एटापल्लीतल्या सिस्टर व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावून पाड्यांवर पोचतात. पण त्या फ्रिजमध्ये लसींखेरीज दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि लसींच्या सुरक्षेसाठी तो योग्यही आहे. त्यामुळे ज्या बाईच्या पेनाला बरोबर तेच तापमान हवंय, तिचं पेन केंद्राच्या भिंतीपलीकडे, किराणा दुकानातल्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये बाटल्यांच्या मागे राहतं. शेजारी दुसरा एक छोटा फ्रिज ठेवायला किती खर्च येईल, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत अजून कुणी विचारला असेल तर आम्हाला नक्की कळवा.